रविवारची सुटी आणि रजेचा अर्ज

वाचकहो, ‘सुटी’ आणि ‘रजा’ हे दोन शब्द आपण बोलताना बहुधा एकाच अर्थाने वापरतो. पण दोघांचे कूळ वेगळे आहे. सुटी म्हणजे सुटणे, मोकळे होणे. तिला कोणाची विचारपूस लागत नाही. रजा हा शब्द मात्र अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ संमती, खुषी. धन्याची रजा घेऊन निघावे, म्हणजे त्याची परवानगी घेऊन निघावे. आज रजेचा अर्ज लिहिणाऱ्या कारकुनाला या व्युत्पत्तीची गंधवार्ता नसते. परंतु साहेबाच्या टेबलापुढे उभे राहताना त्याच्या पायांत जो जडपणा येतो, तो या जुन्या अर्थामुळेच येतो असे मला वाटते. भरपगारी रजेचा हक्क कायद्यात येऊन पाऊणशे वर्षे उलटली, तरी तो मागताना मनुष्य खुषी मागितल्यासारखा मागतो आणि देणाराही खुषी दिल्यासारखी देतो. तंट्याचे मूळ येथे आहे.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो एका शेजाऱ्यामुळे. देवपुरात आमच्या गल्लीत एक वृद्ध गृहस्थ राहतात. सारी गल्ली त्यांना ‘आप्पा’ म्हणते, मीही तेच म्हणेन. खानदेशातल्या एका कापडगिरणीच्या रिंगखात्यात त्यांची उभी हयात गेली. गिरणी कोणती ते सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. संध्याकाळी आम्ही एकवीरा देवीच्या देवळाकडून पांझरेच्या काठाने फिरायला जातो. एके दिवशी मी सहज म्हणालो, “आप्पा, आम्हां मास्तरांचे बरे असते, उन्हाळ्याची सुटी पंचांगासारखी ठरलेली.” आप्पा थांबले. म्हणाले, “तुमचं बरं. आम्हांला आखाजीची एक रजा चिठ्ठीवर लिहून नाकारली होती. ती चिठ्ठी अजून पेटीत आहे.” त्या चिठ्ठीची हकिकत मी पुढे सांगणारच आहे. पण ती नीट कळायला आपल्याला थोडे मागे, शेदीडशे वर्षे मागे, जावे लागेल.

आपल्या खानदेशापासूनच आरंभ करू. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, जळगावास सूतगिरणी उभी राहिली, आणि गावोगाव सरकी काढणारी जिने व गाठी बांधणारे प्रेस सुरू झाले. १८८४-८५ साली मुंबई सरकारने गिरणी-कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला होता. त्याच्यापुढे खानदेशच्या जिनांविषयी जी साक्ष झाली, ती वाचून आजही अंगावर काटा येतो. एरवी काम पहाटे चार-पाचला सुरू होऊन रात्री दहापर्यंत चाले. मार्च-एप्रिलच्या ऐन हंगामात जिने रात्रंदिवस चालत. तीच माणसे, आणि त्यांत मुख्यतः बायका, आठ-आठ दिवस एकसारखी राबत. पुढे अंग चालेनासे झाले की दुसरी माणसे आणायची. मजुरी रोजची काही आणे. या माणसांच्या बाबतीत ‘सुटी’ हा शब्द उच्चारणेही विनोदाचे झाले असते. त्यांना सुटी मिळे ती आजारी पडल्यावर, आणि ती कायमचीच.

त्यावेळी कायदा नव्हता काय? होता. १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी ॲक्ट झाला. परंतु तो शंभर वा अधिक मजूर असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरताच होता, हंगामी कारखाने त्यातून वगळले होते, आणि त्याची सारी दया मुलांपुरती होती. सात वर्षांखालच्या मुलास कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलास नऊ तासांहून अधिक राबवू नये, त्याला महिन्यातून चार दिवस सुटी द्यावी, एवढेच. मोठ्या माणसांविषयी एक अक्षर नव्हते. या कायद्याला आपल्याकडच्या राष्ट्रीय वृत्तीच्या वृत्तपत्रांनी विरोध केला, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे, की मजुरांचा कळवळा हे नुसते ढोंग. मुंबईच्या गिरण्या लँकेशायरच्या डोळ्यांत सलतात म्हणून हा खटाटोप चालला आहे. त्या म्हणण्यात तथ्य होतेच. लँकेशायरच्या मालकांना काही खानदेशच्या मजूरणीचे दुःख झाले नव्हते. पण हेतू अशुद्ध असला म्हणून जिनात उभ्या असलेल्या बाईचे पाय दुखायचे थांबत नाहीत, हे ओळखणारा माणूस त्या काळी विरळा होता.

असा एक माणूस मुंबईत निघाला. नारायण मेघाजी लोखंडे. ठाण्यास १८४८ साली जन्म, शिक्षण बेताचे, आधी रेल्वेच्या टपालखात्यात नोकरी, मग मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर. स्टोअरकीपरची ही जागा मला महत्त्वाची वाटते. तो धड मालक नव्हे आणि धड मजूर नव्हे. मॅनेजरचे बोलणे त्याच्या कानांवर पडते आणि मजुराचा चेहराही त्याला दिसतो. लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. १८८० पासून ‘दीनबंधु’ हे पत्र त्यांनी चालविले आणि १८८४ मध्ये ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही संस्था काढली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी गिरणगावात मजुरांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० मजुरांच्या सह्यांचा अर्ज आयोगापुढे ठेवला. त्या अर्जातल्या मागण्या पाहा. दर रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विसावा असावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर अपघात झाला तर बरे होईपर्यंत मजुरी मिळावी. त्यात एकही मागणी अशी नाही की जी ऐकून आजचा मालक दचकेल. परंतु त्या वेळच्या मालकांना ती बंडखोरी वाटली.

रविवारविषयी एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगतात. मालक म्हणाले, रविवार हा ख्रिस्ती लोकांचा वार, तुम्हां हिंदूंना तो कशाला? त्यावर लोखंडे म्हणाले, रविवार आमच्या खंडोबाचा वार आहे. ही गोष्ट घडली तशीच घडली की लोकांनी मागाहून सजविली, याची ग्वाही मी देणार नाही. एवढे खरे, की मजुराला महिन्यातून दोन रविवार कसेबसे मिळत आणि त्या दिवशीही यंत्रे पुसण्यासाठी दुपारपर्यंत गिरणीत यावे लागे. म्हणजे सुटी असे ती यंत्राची. माणूस त्याची सेवा करीत असे.

सहा वर्षे हा अर्ज-विनंत्यांचा क्रम चालला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सजवळच्या मैदानात प्रचंड सभा भरली. सुमारे १०,००० मजूर जमले होते. त्या सभेत दोन गिरणीकामगार स्त्रिया बोलल्या. १८९० साली दहा हजार पुरुषांपुढे उभे राहून बोलणाऱ्या त्या दोघींचे धैर्य केवढे असेल याची आपण कल्पनाच करावी! अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षी झालेल्या १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुटी आली. स्त्रियांच्या कामाला दिवसाकाठी अकरा तासांची मर्यादा पडली, आणि दुपारच्या अर्ध्या तासाच्या विसाव्याचीही सोय झाली. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने वारले. प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करता करताच त्यांना तो रोग जडला.

आता येथे जरा थांबू या. हा जो रविवार मिळाला, तो फुकटचा नव्हता. कामावर आलात तर मजुरी, नाही आलात तर नाही, हा हिशेब तसाच राहिला. विणकर तर कापडाच्या वारावर मजुरी घेणारा. त्याचा माग थांबला की त्याची मिळकत थांबली. तेव्हा १८९० चा रविवार म्हणजे विश्रांतीचा हक्क. विश्रांती घेऊन पोट भरण्याचा हक्क नव्हे. या दोहोंमध्ये ५५ वर्षांचे अंतर आहे.

त्या ५५ वर्षांत रजेचा खरा मालक होता मुकादम, म्हणजेच जॉबर. भरती त्याच्या हातात, बढती त्याच्या हातात, आणि गावाहून परतल्यावर साचा परत मिळणे न मिळणे हेही त्याच्याच हातात. मजूर रजेला भीत असे तो बुडणाऱ्या मजुरीपेक्षाही बुडणाऱ्या जागेमुळे. शेतीच्या पेरणीला, लग्नाला, मयतीला गावी जाऊन परत यावे तो आपल्या साच्यावर दुसराच उभा. मग मुकादमाचे हात ओले करा आणि बदलीच्या रांगेत उभे राहा. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ साली अहवाल देणाऱ्या व्हिटले कमिशनने या गोष्टीवर नेमके बोट ठेवले. कमिशनचे म्हणणे असे, की मजुराला ठराविक मुदतीची रजा मागण्यास उत्तेजन द्यावे आणि वेळेवर परतला तर त्याचे जुने काम त्याला मिळेल असे वचन देऊन त्याला पाठवावे. मजूर न सांगता पळून जातो, अशी मॅनेजरांची सार्वत्रिक तक्रार होती. सांगून जाण्याची सोय ठेवली नाही तर मनुष्य न सांगताच जाणार, हे साधे गणित त्यांच्या लक्षात येत नव्हते.

भरपाई देऊन घरी राहू देण्याचे तत्त्व आपल्या प्रांताच्या कायद्यात पहिल्याने आले ते बाळंतिणींसाठी. १९२९ चा मुंबईचा प्रसूती-लाभ कायदा हा या देशातला तसा पहिला कायदा. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात या विधेयकाच्या बाजूने बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. स्त्रियांची सोय ही पुरुषांच्या हक्कांचे शेपूट असते असे आपण समजतो. येथे क्रम उलटा लागला, याची नोंद घ्यावी.

मग १९३६ साल उजाडले. फ्रान्समध्ये त्या जूनमध्ये कारखान्याकारखान्यांतून संप झाले आणि तेथल्या सरकारने मजुरांना वर्षातून दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा केला. समुद्र कधी न पाहिलेली हजारो कुटुंबे सायकली आणि आगगाड्यांनी किनाऱ्याकडे निघाली. त्याच वर्षी जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने वर्षभर नोकरी झालेल्या कामगाराला निदान सहा दिवसांची भरपगारी रजा मिळावी असा करार संमत केला. हे वारे आपल्याकडे पोहोचायला महायुद्ध संपत यावे लागले. १९४२ पासून व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरखाते डॉ. आंबेडकरांकडे होते. त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात मांडलेल्या विधेयकाचा १९४५ साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९४६ पासून बारमाही चालणाऱ्या कारखान्यांतल्या प्रौढ कामगाराला, बारा महिन्यांच्या सलग नोकरीनंतर, दहा दिवसांची भरपगारी रजा मिळू लागली. ‘बारमाही’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. आपल्या खानदेशची जिने हंगामी. त्यांतली बाई १८८१ मध्ये वगळली गेली होती, ती १९४५ मध्येही वगळलीच गेली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने कायदा आला, १ एप्रिल १९४९ पासून अंमलात आला, आणि १९५४ च्या दुरुस्तीने त्यातले रजेचे प्रकरण नव्याने लिहिले गेले. आप्पांची चिठ्ठी या प्रकरणातली आहे, म्हणून त्यातली कलमे जरा सावकाश पाहू. वर्षात २४० दिवस काम भरले, की दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. रजेच्या मध्ये येणारा रविवार अथवा सण रजेत मोजायचा नाही. अर्ज लेखी, मॅनेजरच्या नावे, रजा सुरू होण्याच्या निदान पंधरा दिवस आधी. वर्षातून तीनपेक्षा अधिक वेळा रजा घेता येणार नाही. स्वतःच्या आजारासाठी रजा हवी असेल तर पंधरा दिवसांची अट नाही. आजार काही पंधरा दिवस आधी कळवून येत नाही, एवढे शहाणपण कायदा करणाऱ्यांना होते. रजा चार दिवसांची वा अधिक असेल तर पगार आगाऊ.

आणि मॅनेजरच्या अडचणीचे काय? ती खोटी नसते. वैशाखात अर्धी गिरणी लग्नांना जायला निघाली तर साचे कोणी चालवायचे? म्हणून कायद्याने त्याला एक वाट दिली होती. कामगारांच्या प्रतिनिधींच्या संमतीने, कोणी केव्हा जावे याची योजना त्याने आधी ठरवावी आणि मुख्य फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे लेखी नोंदवावी. त्या योजनेनुसार तो रजा नाकारू शकतो. परंतु योजना नसेल आणि अर्ज वेळेवर असेल तर त्याला नकार देता येत नाही. म्हणजे ‘आज माझी मर्जी नाही’ या सबबीला कायद्यात जागा उरली नाही. शिल्लक रजा पुढच्या वर्षी नेण्याला तीस दिवसांची मर्यादा होती. मात्र अर्ज करूनही जी रजा नाकारली गेली, तिला ही मर्यादा नव्हती. ती कितीही साठो, ती कामगाराचीच.

आता आप्पांची गोष्ट. १९७० च्या दशकातली. आखाजीला सासरी असलेली धाकटी बहीण माहेरी आणायची होती. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे तो लेकीबाळींचा सण. झाडाला झोके बांधतात, मुली गाणी म्हणतात, आणि जिला न्यायला माहेरचे कोणी येत नाही ती वर्षभर ते मनात ठेवते. आप्पांनी तीन आठवडे आधी आठ दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. खात्याच्या मॅनेजरने तोंडीच ‘नाही’ म्हटले. माणसे कमी आहेत. आप्पांचे सोबती म्हणाले, नाहीतर दांडी मार, आजारी पडल्याचा दाखला आण. आप्पांनी ते केले नाही. दांडी मारली तर चूक आपली होते, एवढे त्यांना कळत होते. ते पुन्हा मॅनेजरपुढे गेले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, “साहेब, नाही ना? मंग लिखी द्या.”

मॅनेजर चिडला. मग हसला. मग, का कोण जाणे, अर्जाच्या नकलेवरच ‘कामाच्या अडचणीमुळे रजा मंजूर नाही’ असे लिहून त्याने सही ठोकली. त्याला वाटले असेल, प्रकरण मिटले. एका परीने मिटलेच. आप्पा आखाजीला गेले नाहीत. बहिणीला आणायला चुलतभाऊ गेला. बहीण आली, पण भावाशी दोन वर्षे धड बोलली नाही. हे सांगताना आप्पांचा आवाज अजून खाली येतो. कायद्याच्या पुस्तकात या दोन वर्षांची भरपाई कोठेही लिहिलेली नाही.

पुढे काही वर्षांनी साक्रीकडच्या गावी त्यांचे वडील अंथरुणाला खिळले. आप्पांच्या खात्यावर तीस दिवस शिल्लक होते. त्यांनी अडतीस दिवसांचा अर्ज दिला. रजा मिळाली, मॅनेजर आता दुसरा होता आणि माणूस बरा होता. पण पगाराच्या खिडकीशी कारकुनाने अडविले. तीसच्या वर जाता येत नाही, आठ दिवस बिनपगारी. आप्पांनी घरी जाऊन पेटीतून ती चिठ्ठी आणली. कारकुनाने ती वाचली, टाइमकीपरला दाखविली, रजेचे रजिस्टर उघडले, आणि अडतीस दिवसांचा पगार आगाऊ मोजून दिला. वडील चौतिसाव्या दिवशी गेले. आप्पा शेवटपर्यंत उशाशी होते.

मी विचारले, “आप्पा, चिठ्ठी मागताना हे कलम तुम्हांला ठाऊक होते?” ते म्हणाले, “कलम कसचं ठाऊक! मला एवढंच वाटलं, की नाही म्हणणाऱ्यानं सही करावी. मी अर्जावर सही करतो, तर त्यानं का करू नये?” युनियनच्या माणसाने कलम मागाहून समजावून सांगितले. लोखंड्यांनी १८८४ मध्ये ५,५०० सह्या गोळा केल्या, त्यांत अंगठेही पुष्कळ असतील. कागदावर आपले नाव उमटविणे हे मजुराच्या हातातले फार जुने हत्यार आहे. समोरच्याचे नाव उमटवून घेणे हे त्याच हत्याराचे दुसरे टोक.

गिरण्यांचे भोंगे खानदेशात केव्हाच थांबले. माझे विद्यार्थी आता दुकानांत, गोदामांत, पुण्या-नाशिकच्या कारखान्यांत कामाला लागतात. कायदेही बदलले. दुकाने आणि आस्थापनांसाठी २०१७ चा महाराष्ट्राचा कायदा आला. त्यात मिळविलेल्या रजेखेरीज वर्षाला आठ दिवसांची भरपगारी नैमित्तिक रजा आहे. कारखान्यांचा १९४८ चा कायदा जाऊन त्याच्या जागी संसदेने २०२० साली संमत केलेली नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून आली. तिच्यात २४० दिवसांची अट १८० दिवसांवर आली आहे, दर वीस दिवसांमागे एक दिवस हे प्रमाण तेच आहे, आणि नाकारलेली रजा मर्यादेशिवाय पुढे नेण्याचा हक्कही शिल्लक आहे. १८० दिवस म्हणजे सहा महिने. जिनाचा हंगाम लांबला तर कदाचित तेथल्या बाईचेही दिवस भरतील, असे मनात येते. पण तिचे नाव मस्टरवर बारा महिन्यांत किती दिवस चढते, हे मस्टर लिहिणाऱ्याच्या हातात आहे.

गेल्या श्रावणात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. कानबाईच्या विसर्जनाला सोमवारची रजा मागितली, तर वरच्या साहेबाने मोबाइलवर नुसता अंगठा खाली केल्याचे चित्र पाठविले, असे सांगत होता. मी त्याला आप्पांच्या ओट्यावर घेऊन गेलो. आप्पांनी चष्मा लावून ते चित्र बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, “यावर सही कुठे आहे?”